एका तक्त्यातील दोन समाज : लॉस एंजेलिसमधील एस्टोनियन आणि इराणी स्थलांतरितांच्या तुलनेचे प्रकरण

पार्श्वभूमी

लॉस एंजेलिस परिसरात काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेकडे सॅन फर्नांडो व्हॅलीतून एक अर्ज आला. फारसी बोलणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांसाठी सल्ला केंद्र सुरू करायचे होते, आणि इराणमध्ये शिकलेल्या व्यावसायिकांना कॅलिफोर्नियातील परवाना परीक्षांच्या तयारीसाठी शिष्यवृत्ती हवी होती. दोन्ही मागण्या एकाच अर्जात होत्या. असे अर्ज मंजूर करण्यापूर्वी त्या समाजाची सामाजिक व आर्थिक स्थिती तपासण्याची संस्थेची पद्धत आहे. ती तपासणी ज्या तिघांकडे सोपवली गेली, त्यांच्यापैकी मी एक होतो. संस्थेचे नाव आणि व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत.

विश्वस्तांच्या बैठकीत एका सदस्याने जनगणना विभागाच्या आकड्यांवरून बनवलेला एक तयार तक्ता मांडला. त्यात अमेरिकेतील शेकडो वांशिक व स्थलांतरित समूहांना उत्पन्न, शिक्षण, दारिद्र्य, बेरोजगारी अशा निकषांवर क्रमांक दिले होते. एस्टोनियन आणि इराणी हे दोन्ही समूह वरच्या भागात, जवळजवळ शेजारी दिसत होते. या सदस्यांचे आजी-आजोबा दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील निर्वासित छावणीतून अमेरिकेत आलेले एस्टोनियन. त्यांचा प्रश्न साधा आणि प्रामाणिक होता. माझ्या घरच्यांनी कोणाच्या अनुदानाशिवाय बस्तान बसवले आणि आज दोन्ही समाज सारख्याच पायरीवर आहेत, तर एकाला वेगळी मदत कशासाठी?

येथे थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा वाद त्यावरच उभा राहिला. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने एस्टोनिया गिळंकृत केला. १९४१ ते १९४४ हा काळ जर्मन ताब्याचा होता, आणि १९४४ च्या शरद ऋतूत लाल सेना परतू लागताच हजारो एस्टोनियन बोटींतून स्वीडनकडे किंवा जर्मनीकडे पळाले. जर्मनीतल्या छावण्यांपैकी गाइसलिंगेन येथील छावणी एस्टोनियनांची मोठी वस्ती म्हणून ओळखली जाते. अमेरिकेने १९४८ मध्ये विस्थापितांसाठी कायदा केला आणि त्यानंतर यांतले बरेच लोक न्यूयॉर्क, न्यू जर्सी व इतरत्र आले. न्यूयॉर्कचे एस्टोनियन हाऊस, १९४९ पासून निघणारे तेथील एस्टोनियन वृत्तपत्र, न्यू जर्सीतील लेकवुडची वस्ती, लॉस एंजेलिसमधलेही एक एस्टोनियन हाऊस, अशी संस्थांची साखळी या लहान समाजाने उभी केली. २००० च्या जनगणनेत स्वतःला एस्टोनियन वंशाचे म्हणवणाऱ्यांची संख्या सुमारे २५ हजार होती.

इराणी स्थलांतराची घडण वेगळी आहे. १९७९-८० मध्ये अमेरिकेतील परदेशी विद्यार्थ्यांत इराणी सर्वाधिक होते, सुमारे ५० हजार. १९७९ च्या क्रांतीनंतर अनेक जण परत गेलेच नाहीत. त्यांच्या मागून शहांच्या पडलेल्या राजवटीशी संबंधित कुटुंबे आली, ज्यू, बहाई, आर्मेनियन अशा अल्पसंख्याकांची कुटुंबे आली आणि १९८० ते १९८८ या इराण-इराक युद्धाच्या काळात देश सोडलेले लोक आले. पुढे भावंडे, आई-वडील आणि नव्या पिढीचे विद्यार्थी येत राहिले. मुंबई-पुण्याच्या वाचकाला इराणी म्हटले की यझ्द-केरमानकडून आलेले झरतुष्टी हॉटेलवाले आठवतात. लॉस एंजेलिसचा इराणी समाज त्यांच्याहून काळाने, धर्माने आणि व्यवसायाने बराच निराळा आहे. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत ५,६८,५६४ लोकांनी आपली ओळख इराणी अशी नोंदवली. इराणमध्ये जन्मलेल्या स्थलांतरितांपैकी निम्म्याहून अधिक लोक एकट्या कॅलिफोर्नियात राहतात.

अडचण

तक्त्यातील आकडे खोटे नव्हते. दोन्ही समूहांचे मध्यक कौटुंबिक उत्पन्न (निम्मी घरे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो आकडा) राष्ट्रीय मध्यकाहून वर आहे, आणि इराणमध्ये जन्मलेल्या प्रौढांपैकी जवळपास ६० टक्के पदवीधर आहेत, जे एकूण स्थलांतरितांच्या तुलनेत फार मोठे प्रमाण आहे. अडचण होती ती दोन समूहांच्या व्याख्येत. तक्त्यातील एस्टोनियन म्हणजे वंशाच्या प्रश्नाला तसे उत्तर देणारे लोक. त्यांतले बहुतेक अमेरिकेतच जन्मलेले, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आणि घरी इंग्रजी बोलणारे. त्याच तक्त्यातील इराणी मात्र वंशावरून मोजलेले नव्हते. ते जन्मस्थानावरून मोजलेले स्थलांतरित होते. म्हणजे एका बाजूला नातवंडे होती आणि दुसऱ्या बाजूला खुद्द देश सोडून आलेली माणसे.

व्याख्येतला हा फरक दोन्ही दिशांनी आकडे वाकवतो. इराणी डॉक्टरांची लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली, आज वकिली करणारी मुलगी इराणी स्थलांतरितांच्या रकान्यात येत नाही. त्यामुळे या समाजाच्या यशाचा एक भाग मोजणीबाहेर राहतो. एस्टोनियन बाजूला, आजोबा एस्टोनियन असूनही ज्याला त्या वंशाशी काही देणे-घेणे उरलेले नाही, तो प्रश्नावलीत जर्मन किंवा आयरिश लिहितो किंवा काहीच लिहीत नाही. जनगणना विभाग वंशाची पहिली दोनच उत्तरे नोंदवतो, त्यामुळे चार ठिकाणचे रक्त असलेल्या माणसाचे एस्टोनियनपण सहज गळून पडते. जे उरतात ते बहुधा ज्यांच्या घरात गाणी, शनिवारची भाषाशाळा आणि संस्थांशी संबंध टिकला असे लोक, आणि हा संबंध टिकवणारी घरे बहुतेकदा सुस्थितीतली असतात. शिवाय एस्टोनियात जन्मलेले पण रशियन भाषक असलेले स्थलांतरित वंश म्हणून रशियन लिहितात, आणि तेही रकान्याबाहेर जातात.

तिसरी गोष्ट नमुन्याच्या आकाराची. जनगणना विभागाच्या वार्षिक सर्वेक्षणातून अभ्यासकांसाठी खुली केली जाणारी व्यक्तिगणिक माहिती ही एकूण लोकसंख्येच्या साधारण एक टक्क्याची असते, पाच वर्षांची एकत्र केली तर पाच टक्क्यांची. पंचवीस-तीस हजारांच्या समाजाबाबत याचा अर्थ असा की एका वर्षाच्या माहितीत जेमतेम दोन-तीनशे माणसे हाती लागतात. त्यांतून मुले, निवृत्त आणि गृहस्वामी वेगळे काढले की काही रकान्यांत पन्नासही नोंदी उरत नाहीत. अशा पायावर एखाद्या समाजाला शेकड्यांतून नेमका क्रमांक देणे म्हणजे सर्वेक्षणाला न पेलणारे ओझे त्याच्यावर लादणे होय. जनगणना विभाग आपल्या प्रत्येक अंदाजाबरोबर त्रुटीची मर्यादा, म्हणजे खरा आकडा किती इकडे-तिकडे असू शकतो ते, छापतो. त्या तक्त्यात ती कोठेच नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता तक्ता आहे तसा स्वीकारून अर्ज नाकारण्याचा. तो सोपा होता, आणि संस्थेचा निधी मर्यादित असल्याने त्याच्या बाजूने बोलणारेही होते. दुसरा पर्याय तुलना पूर्णपणे बाजूला ठेवून फक्त इराणी ज्येष्ठांची गरज मोजण्याचा. आमच्यातील एक सहकारी शेवटपर्यंत याच मताची होती. तिचे म्हणणे असे की दोन समाजांना एकमेकांशेजारी उभे केले की एकाच्या यशाचा दुसऱ्यावर आरोप होतो, मग आकडे कितीही नीट मांडा. तिच्या म्हणण्यात तथ्य होते. तरीही मी या पर्यायाला विरोध केला, कारण विश्वस्तांच्या मनात तुलना आधीच झालेली होती. आम्ही ती न केल्याने ती पुसली जाणार नव्हती, तपासली न जाता तशीच राहणार होती.

तिसरा पर्याय सारख्याशी सारखे जोडण्याचा. जन्मस्थानाची जन्मस्थानाशी आणि वंशाची वंशाशी तुलना करायची, वय व शिक्षण लक्षात घ्यायचे आणि राहण्याच्या ठिकाणाचा खर्च वजा करायचा. हा शेवटचा मुद्दा मोठा आहे. इराणी लोकसंख्या दक्षिण कॅलिफोर्नियात एकवटलेली, तर एस्टोनियन वंशाचे लोक पूर्व किनाऱ्यापासून पश्चिमेपर्यंत विखुरलेले. एकाच पगारात लॉस एंजेलिसच्या एन्सिनो भागात भाड्याचे घर मिळते, तर ओहायोतल्या लहान गावात स्वतःचे. अमेरिकी केंद्र सरकारचा आर्थिक विश्लेषण विभाग प्रदेशनिहाय किमतींचे निर्देशांक प्रसिद्ध करतो, ते येथे वापरता येतात.

चौथा पर्याय मला सर्वांत जवळचा वाटला. आजच्या इराण्यांसमोर आजचे एस्टोनियन ठेवण्याऐवजी, येऊन सुमारे वीस वर्षे झालेल्या इराण्यांसमोर १९७० च्या जनगणनेतील एस्टोनियात जन्मलेले लोक ठेवायचे. जुन्या जनगणनांचे नमुने अभ्यासकांना उपलब्ध आहेत. पण तेथेही संख्या अगदी तुटपुंजी होती, आणि १९७० पर्यंतचा काळ कारखान्यांचा, संघटित कामगारांचा आणि स्वस्त घरांचा होता. तो काळ आज कोणत्याच नवागताच्या वाट्याला येत नाही. म्हणून या तुलनेतून आकडा काढायचा नाही, ती फक्त कथनापुरती वापरायची असे ठरले.

केलेली कार्यवाही

आम्ही तिसरा पर्याय मुख्य ठेवला, चौथ्याची जोड दिली आणि त्याबरोबर प्रत्यक्ष भेटी घेतल्या. पाच वर्षांच्या व्यक्तिगणिक माहितीतून इराणमध्ये जन्मलेल्यांचे आगमनकाळानुसार गट केले : १९८० पूर्वी आलेले, १९८० च्या दशकात आलेले आणि त्यानंतरचे. समाज एकसंध नाही हे तेवढ्यानेच दिसू लागले. विद्यार्थी म्हणून आलेला, अमेरिकेत पदवी घेऊन चाळीस वर्षे नोकरी केलेला अभियंता आणि साठीत मुलाकडे राहायला आलेली त्याची बहीण एकाच रकान्यात मोजले जात होते.

निर्णायक ठरली ती कुटुंब आणि व्यक्ती यांतील निवड. रिसिडा भागातील एका ज्येष्ठांच्या दिवसकेंद्रात भेटलेल्या एका बाईंचे उदाहरण घेतो. वय सत्तरीच्या पुढे, इराणमध्ये तीस वर्षे शाळेत शिकवलेले, पती वारलेले. मुलाने कायदेशीर मार्गाने बोलावून घेतल्यावर त्या त्याच्याच घरी राहू लागल्या. मुलगा संगणक क्षेत्रात आणि सून दंतवैद्यक. सर्वेक्षणाच्या दृष्टीने या बाई उच्च उत्पन्न गटातील घरात राहतात, म्हणून त्या गरीब नाहीत. त्या घरात चौदा वर्षांवरील कोणीतरी उत्तम इंग्रजी बोलते, म्हणून ते घर मर्यादित इंग्रजीचे घरही नाही. प्रत्यक्षात सकाळी आठ ते सायंकाळी सात त्या घरात एकट्या असतात, गाडी चालवत नाहीत, आणि औषधांच्या विम्याचे आलेले पत्र नातू शाळेतून येईपर्यंत टेबलावर पडून राहते. त्या पत्रांची एक प्लास्टिकची पिशवी त्यांनी आमच्यासमोर ठेवली. वरची तीन पाकिटे फोडलेली नव्हती, आणि त्यांतल्या एकात उत्तर देण्याची मुदत उलटून गेली होती.

त्यांना स्वतःचे निवृत्तिवेतन मिळत नाही, कारण सामाजिक सुरक्षेचा लाभ मिळण्यासाठी अमेरिकेत ४० श्रेयांक, म्हणजे सुमारे दहा वर्षांचे काम लागते. वृद्धांसाठीची केंद्रीय मदत १९९६ च्या कायद्यानंतर बहुतेक बिगर-नागरिकांना बंद झाली आहे आणि निर्वासितांनाही ती ठरावीक वर्षांपुरतीच मिळते. त्याच वर्षीच्या कायद्यांमुळे आई-वडिलांना बोलावणाऱ्या मुलावर त्यांच्या पोषणाची कायदेशीर जबाबदारी येते. त्यामुळे त्या घरात पैसा आहे, पण त्या बाईंच्या हातात नाही, आणि प्रत्येक गरजेसाठी मुलाकडे मागणे त्यांना जड जाते. हे कळल्यावर आम्ही पासष्ट वर्षांवरील लोकांसाठी कौटुंबिक उत्पन्न बाजूला ठेवले. त्याऐवजी वैयक्तिक उत्पन्न, इंग्रजी बोलण्याची स्वतः सांगितलेली पातळी आणि आगमनाचे वर्ष यांवर मांडणी केली. वय वाढल्यावर आलेल्यांचे चित्र तरुणपणी आलेल्यांहून इतके वेगळे निघाले की दोघांची सरासरी काढण्यात अर्थच उरला नाही.

अमेरिकेतील मराठी घरांनाही हे ओळखीचे वाटेल. भारतीयांचे मध्यक उत्पन्न तेथे सर्वांत वरच्या समूहांत मोडते, आणि नेमक्या त्याच कारणाने एडिसन किंवा फ्रीमाँटमध्ये मुलाकडे राहणाऱ्या आजींचा एकटेपणा कोणत्याही शासकीय तक्त्यात उमटत नाही. तो भार महाराष्ट्र मंडळांच्या ज्येष्ठ मेळाव्यांवर आणि शेजाऱ्यांवर पडतो.

एस्टोनियन बाजूचे काम तक्ता मांडणाऱ्या त्याच विश्वस्तांनी हाती घेतले, आणि या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट त्यातूनच आली. आजोबांची कागदपत्रे पाहण्याची आम्ही त्यांना विनंती केली होती. ते घरून एक जुनी फाइल घेऊन आले. त्यात एका चर्चच्या निर्वासित मदत शाखेमार्फत आलेले हमीपत्र होते. या माणसाला अमुक शेतावर काम आणि कुटुंबाला राहायला जागा मिळेल, असे त्यात लिहिले होते. १९४८ च्या कायद्याने अशी हमी बंधनकारकच केली होती. काम आणि निवारा कोणीतरी कबूल केल्याशिवाय विस्थापिताला प्रवेश मिळत नसे. आजोबा शिक्षणाने भूमापक होते आणि त्यांनी पहिली दोन वर्षे गोठ्यात काम केले. म्हणजे पदवी बाजूला ठेवून पडेल ते काम करणे या घरालाही चुकले नव्हते, आणि बाहेरची मदतही मिळाली होती. ती अनुदान म्हणून न मिळता हमीपत्राच्या रूपात मिळाली होती, एवढेच. कागद वाचून झाल्यावर त्या विश्वस्तांनी विचारले, की अर्जातील परवाना परीक्षेच्या शिष्यवृत्तीसाठी थांबलेल्या लोकांकडे असे कोणते पत्र आहे? उत्तर आम्हा सर्वांनाच माहीत होते.

राज्यसंस्थेच्या वागणुकीतला फरकही अहवालात नोंदवला. एस्टोनियाचे विलीनीकरण अमेरिकेने कधीच मान्य केले नाही. २३ जुलै १९४० च्या वेल्स घोषणेपासून ही भूमिका कायम होती आणि न्यूयॉर्कमधील एस्टोनियन वाणिज्य दूतावास सोव्हिएत काळभर चालू राहिला. साम्यवादापासून पळालेल्या माणसाकडे अमेरिकेत सहानुभूतीने पाहिले जाई. इराण्यांच्या बाबतीत ४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानमधील अमेरिकी दूतावासावर कब्जा झाला आणि तो पेच ४४४ दिवस चालला. त्याच महिन्यात अमेरिकेतील इराणी विद्यार्थ्यांना स्थलांतर कार्यालयात हजेरी देण्याचा आदेश निघाला आणि एप्रिल १९८० मध्ये राजनैतिक संबंध तुटले. अमेरिकेच्या २०१७ च्या प्रवेशबंदीत इराणचे नाव होते, त्यामुळे कित्येक घरांत आई-वडिलांचे येणे रखडले. ज्या राजवटीपासून हे लोक पळाले, तिच्याच नावाने त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले. हा अन्याय उत्पन्नाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही, पण बँकेत खाते उघडताना आणि नोकरीच्या मुलाखतीत तो त्यांना जाणवतो. म्हणून अहवालात त्याला जागा देणे मला अत्यावश्यक वाटले.

परिणाम

विश्वस्तांनी सल्ला केंद्राला एका वर्षासाठी अनुदान मंजूर केले. मागितल्यापेक्षा रक्कम कमी होती, त्यामुळे केंद्र आठवड्यातून दोनच दिवस उघडे राहू लागले. परवाना परीक्षेची शिष्यवृत्ती मात्र मंजूर झाली नाही. ते काम संस्थेच्या उद्दिष्टांत बसत नाही असे बहुमताचे म्हणणे पडले. एस्टोनियन वंशाच्या विश्वस्तांनी केंद्राच्या बाजूने मत दिले आणि शिष्यवृत्ती नाकारण्याबाबत आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला. तयार तक्ता अहवालातून काढला. त्याच्या जागी आगमनकाळानुसार केलेली मांडणी, प्रत्येक आकड्याजवळ त्रुटीच्या मर्यादेसह, घातली. यापुढे कोणत्याही समाजाचा अर्ज केवळ क्रमवारीवरून तपासायचा नाही, हा नियमही त्याच बैठकीत झाला.

केंद्रावर येणारे बहुसंख्य ज्येष्ठ सुस्थितीतल्या घरांतील निघाले. पत्रे वाचून घेणे, विम्याचे अर्ज भरणे, नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी ही कामे सर्वाधिक होती. ज्या घरांना तक्त्याने मदतीची गरज नसलेली ठरवले होते, त्याच घरांतून ही माणसे बसने येत होती.

काय वेगळे करता आले असते

इराणी समाजाची आखणी केवळ जन्मस्थान आणि फारसी भाषा यांवर केल्यामुळे ग्लेनडेल परिसरातील इराणी आर्मेनियन ज्येष्ठ बहुतांशी बाहेर राहिले. ते इराणमध्ये जन्मले, पण वंश आर्मेनियन लिहितात आणि घरी आर्मेनियन बोलतात. ज्यू व बहाई कुटुंबांची अडचण वेगळी. जनगणना विभाग धर्म विचारत नाही आणि वंशाच्या जागी धर्म लिहिला तर तो वेगळा मांडत नाही, त्यामुळे आकड्यांतून त्यांच्यापर्यंत पोचताच येत नाही. या तीनही गटांच्या स्वतःच्या संस्था लॉस एंजेलिसमध्ये आहेत. त्यांच्याशी बोलणे सुरुवातीलाच झाले असते तर केंद्राची जागा आणि भाषा वेगळी निवडली गेली असती. तसेच १९९१ मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाल्यानंतर आलेले एस्टोनियन आमच्या मांडणीत जवळजवळ नव्हते. इराणी नवागतांच्या खऱ्या समकालीनांशी तुलना करायची असती तर हाच गट पाहायला हवा होता, संख्या कितीही लहान असली तरी.

क्रमाचाही प्रश्न आहे. या कामात आकडे आधी आले आणि माणसे नंतर भेटली. दिवसकेंद्रातील भेटी पहिल्या आठवड्यात झाल्या असत्या तर कौटुंबिक उत्पन्नाचे रकाने भरण्यात गेलेला वेळ वाचला असता, आणि शिष्यवृत्तीच्या बाजूने पुरावा गोळा करायला तो मिळाला असता. इराणमध्ये औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन येथे औषधाच्या दुकानात साहाय्यक म्हणून काम करणाऱ्या एका महिलेची माहिती आमच्याकडे होती, पण तिच्यासारखे किती जण आहेत हे दाखवणारी मांडणी तयार झाली नव्हती. मतदानात या उणिवेचाही फटका बसला.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारने वंशविषयक वर्गीकरणाचे नियम बदलले आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका असा स्वतंत्र गट निर्माण केला. तोपर्यंत इराणी वंशाचे लोक गोऱ्यांच्या गटात, म्हणजे एस्टोनियनांच्याच रकान्यात मोजले जात होते. नवा गट प्रत्यक्ष प्रश्नावलीत आला की इराणी समाजाची मोजणी जन्मस्थानाच्या पलीकडे, येथे जन्मलेल्या मुलांसह, अधिक नेमकी करता येईल. शिष्यवृत्तीचा प्रस्ताव पुन्हा मांडण्याची तयारी सुरू आहे. त्यासाठी पदवी इराणची आणि काम पदवीखालचे अशा व्यक्तींची वयानुसार व आगमनकाळानुसार मांडणी आम्ही आतापासूनच करत आहोत.